केळीच्या पट्ट्यात चार दिवस: सावदा, फैजपूर, रावेर

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. नवरा-बायको आणि दहा नि चौदा वर्षांची दोन मुलं, दिवाळीनंतर चार दिवस मोकळे. रिसॉर्ट नको, पैसे घेऊन बैलगाडीत बसवणारं कृषी पर्यटन केंद्रही नको. पर्यटक जिकडे फिरकत नाहीत असं खरंखुरं शेतीचं गाव बघायचंय. कुठे जावं, राहावं कुठे, दिवसभर करायचं काय, आणि आपल्या जाण्याने तिथल्या लोकांना उपद्रव तर होणार नाही ना?

हा शेवटचा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. तुम्ही विचारलात, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

माझं काम केळी आणि ठिबकच्या सल्ल्याचं. त्यामुळे रावेर आणि यावल हे जळगाव जिल्ह्याचे दोन उत्तरेकडचे तालुके पायाखालचे आहेत, आणि ओळखीतल्या शहरी मंडळींना तिकडे धाडणं, सोबत फिरवणं हेही आपसूक गळ्यात पडत आलंय. तुम्हाला मी तिथेच जायला सांगेन. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, आणि मधल्या सपाट गाळाच्या जमिनीत नजर पोचेल तिथवर केळी. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता या पट्ट्यातून आडवा जातो आणि त्यावर रावेर, सावदा, फैजपूर, यावल ही गावं ओळीने लागतात. यातलं एकही गाव ‘सुंदर’ नाही, हे आधीच सांगतो. मुख्य रस्त्यावर ट्रॅक्टरची शोरूम, कृषी सेवा केंद्रं, पाइपांचे ढीग, सोनाराची दुकानं, धूळ. फोटो काढायला कोणी थांबत नाही.

अशा गावात बघायची गोष्ट म्हणजे चालू असलेलं काम. तेव्हा तुमच्या चार दिवसांचं वेळापत्रक पिकाने ठरवायचं, तुम्ही नाही. एवढं मान्य असेल तर पुढचं सगळं सोपं आहे.

पहिला फेरफार तारखेत. दिवाळीनंतर लगेच न येता नाताळच्या सुट्टीत या. कारण सांगतो. खानदेशात वांग्याच्या भरिताचा खरा हंगाम चंपाषष्ठीनंतर रंगात येतो. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं अजून पुष्कळ आहेत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. चंपाषष्ठी मार्गशीर्षात येते, म्हणजे साधारण नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर मध्य. त्यानंतर आलात तर या पट्ट्याची सगळ्यात मोकळीढाकळी बाजू दिसेल. शिवाय हवा थंड असते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो, तेव्हा मुलांना घेऊन येण्याचा विचारही करू नका. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण खानदेशात मोठा, माहेरी आलेल्या मुली, झोके, गाणी. तो बघायचा मोह होईल, पण ऊन सोसणार असेल तरच.

डिसेंबरात एक तोटा आहे. केळीची मोठी कापणी त्या दिवसांत नसते. लागवडीचे इथे दोन मुख्य हंगाम. जून-जुलैत लावतात तो मृगबाग आणि पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या आसपास लावतात तो कांदेबाग. ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या, रोपांची बाग साधारण अकरा-बारा महिन्यांत कापणीला येते, म्हणजे मृगबागाचा माल उन्हाळ्याच्या शेवटी नि कांदेबागाचा पुढच्या दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे. पण एकदा घड कापल्यावर त्याच बुंध्याचं पिल वाढवून पीलबाग घेणारेही खूप आहेत, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या शिवारात कापणी चालू असतेच. ती कुठे आहे हे आदल्या संध्याकाळी कळतं, त्याआधी नाही. म्हणून ‘मंगळवारी सकाळी दहा वाजता कापणी दाखवा’ असं कोणाला सांगू नका.

पोचायचं कसं यावर फार लिहीत नाही. पुण्याहून दौंड-मनमाडमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या भुसावळला थांबतात. भुसावळहून खंडव्याकडच्या मार्गावर सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं आहेत, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. सावदा स्टेशन आणि सावदा गाव यांच्यात बरंच अंतर आहे, तेव्हा नकाशावर जवळ दिसलं म्हणून तिथे उतरून पायी निघू नका. भुसावळला उतरून एसटीने किंवा गाडी ठरवून तापी ओलांडून फैजपूरला येणं सगळ्यात सोयीचं.

राहायला साधी लॉज रावेर-फैजपूरला मिळतात. ती व्यापारी, औषधकंपन्यांचे प्रतिनिधी, लग्नाचे पाहुणे यांच्यासाठी आहेत. खोली कोरडी-स्वच्छ मिळेल, गरम पाणी बादलीने येईल, बाकी अपेक्षा ठेवू नका. मुलांची फारच काळजी वाटत असेल तर मुक्काम भुसावळला ठेवून रोज ये-जा करता येते, पण मग पहाट आणि रात्र हुकते, आणि या गावांत बघण्यासारखं निम्मं त्याच वेळात घडतं.

आता मुख्य गोष्ट. गावात उतरलात की पहिला प्रश्न येईल, “कुठले?” आणि दुसरा लगेच, “कोणाकडे आले?” पहिल्याचं उत्तर तुमच्याकडे आहे. दुसऱ्याचं तयार करून या. ‘असंच फिरायला’ हे उत्तर कोणाला पटत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. केळीच्या बागेत रात्रीतून शेकडो खोडं कापून टाकण्याचे प्रकार या भागात अधूनमधून होतात. कोणाची तरी जुनी दुष्मनी असते आणि कोणाचं तरी वर्षभराचं पीक आडवं होतं. त्यामुळे अनोळखी माणूस बागेच्या कडेने रेंगाळताना दिसला की विचारपूस होणारच. ती उद्धट वाटली तरी मनाला लावून घेऊ नका.

ओळख काढणं पुण्यातून अजिबात अवघड नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये खानदेशी माणूस शोधावा लागत नाही. ऑफिसात, सोसायटीत विचारा, कोणाचा तरी मामा चिनावलला, कोणाची आत्या निंभोऱ्याला निघतेच. नाहीच निघाली तर सातपुड्यात पालला सातपुडा विकास मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे आधी फोन करून आपण कोण, कशासाठी येतोय ते सांगा. किंवा आल्या दिवशी संध्याकाळी एखाद्या कृषी सेवा केंद्रात जाऊन बसा. खतं-औषधांची ही दुकानं म्हणजे गावाची चावडी. संध्याकाळी शेतातून परतलेले लोक तिथे टेकतात. दुकानदाराला नमस्कार करून म्हणायचं, “भाऊ, पुण्याहून आलोय, मुलांना केळीची बाग दाखवायची आहे.” तो आधी चहा मागवेल, मग पाच मिनिटांत कोणाला तरी हाक मारेल. वयस्कर माणसाला आबा, नाना, अण्णा म्हणा. बायकांना ताई, म्हाताऱ्या बाईला माय म्हटलेलं चालतं. ‘सर’, ‘मॅडम’ सुरू केलंत की समोरचाही आखडतो.

बागेत जायचे कपडे जुने आणि गडद रंगाचे असू द्या. केळीचा चीक कपड्यावर पडला की सुरुवातीला पाण्यासारखा दिसतो, नंतर तपकिरी डाग उमटतो आणि तो जन्मात जात नाही. मजुरांचे कपडे बघितलेत की कळेल. मुलांना चपला नकोत, बूट हवेत. वाळलेल्या पानांच्या खचात काय बसलंय ते दिसत नाही. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका, आणि मालक सोबत नसताना सरीत शिरू नका.

आत गेल्यावर काय बघायचं? नुसतं ‘किती छान हिरवंगार’ म्हणून बाहेर येणारे खूप पाहिलेत. मुलांना काम द्या. झाडं साधारण पाच बाय पाच फुटांवर असतात, तर एकरात किती बसतील हे दहा वर्षांच्या मुलाला काढायला सांगा. उत्तर १७४२ येतं. मग बागेच्या मालकाला विचारा, त्याच्या तोंडून साडेसतराशे येईल. मोठ्या मुलीला किंवा मुलाला निसवण शोधायला सांगा: पानांच्या बेचक्यातून केळफूल बाहेर पडतं, तांबूस पाकळ्या एकेक उलगडतात आणि प्रत्येकीखाली एक फणी असते. शेवटी उरलेलं कमळ शेतकरी मोडून टाकतो, म्हणजे जोर फळात जातो. निर्यातीच्या बागेत घडाला पातळ कापडाची पिशवी घातलेली दिसेल, फण्यांच्या मधे फोमचे कागद दिसतील. केळ्यावर एक ओरखडा आला तरी परदेशी पाठवायचा माल म्हणून ते बाद, म्हणून एवढे लाड. तांदलवाडी हे रावेर तालुक्यातलं गाव या निर्यातीसाठी नावाजलेलं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तिथल्याच निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयत्नांतून, आणि २०२१ मध्ये त्या मानांकनासह माल दुबईला गेला. एखाद्या पॅकहाउसमध्ये काम चालू असेल तर जरूर बघा. घडाच्या फण्या सुट्या करतात, पाण्याच्या हौदातून चीक काढतात, वजन करून तेरा किलोच्या आसपासच्या खोक्यांत रचतात. बायका फण्या ज्या वेगाने बसवतात तो बघण्यासारखा असतो. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि काम थांबवून त्यांना ओळीत उभं करू नका. मजुरी खोक्यांवर असेल तर तुमच्या फोटोचे पैसे त्यांच्या खिशातून जातात.

देशी बाजाराची कापणी वेगळी. टोळी सकाळी लवकर बागेत शिरते. एक जण घड कापतो, दुसरा खांद्यावर झेलतो, पानांवर ओळीने मांडतात, मग तोलाई आणि मग ट्रक. मुलं विचारतील की पिकलेलं केळं कुठाय. नाहीये. लांबच्या बाजारासाठी घड पूर्ण तयार व्हायच्या आधी, हिरवाच कापतात. तो पिकतो दिल्लीला नाहीतर आणखी कुठे, पिकवण्याच्या खोलीत. केळीच्या राजधानीत झाडावरचं पिकलेलं केळं मिळत नाही म्हणून हिरमुसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना हे आधी सांगून ठेवा. रेल्वेने माल जाण्याची परंपरा मात्र जुनी आहे. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून दिल्लीकडे केळीच्या वॅगनी भरून जात आल्या आहेत. तुमच्या मुक्कामात गाडी भरली जात असेल तर लांबून बघा, हमालांच्या वाटेत येऊ नका.

डिसेंबरात आलात तर एक गोष्ट बघायला मिळू शकते जी इतर वेळी नाही. थंडी कडाक्याची पडली की केळीला ती सोसत नाही. वाढ थांबते, नवा घड बाहेर पडताना अडकतो. मग शेतकरी रात्री विहिरीचं किंवा बोअरचं कोमट पाणी सोडतो, बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतो. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री, पाळीने येते, त्यामुळे रात्रपाळी असली की माणसं तशीही शेतातच असतात. कोणी “चला रात्री मळ्यात” म्हणालं तर स्वेटर चढवून खुशाल जा. पण मालकासोबत आणि वाहनाने. सातपुड्याच्या पायथ्याच्या केळीबागांत बिबट्याचा वावर असतो, संध्याकाळनंतर बागेच्या रस्त्याने पायी फेरफटका मारायचा नाही, मुलांना घेऊन तर नाहीच.

गप्पा कशाच्या निघतील? भाव, वीज, केळीवरचा करपा रोग, पीक विमा. या चार विषयांवर ऐकायची तयारी ठेवा. केळीचा दर रोज जाहीर होतो, रावेरचा आणि बऱ्हाणपूरचा आकडा मोबाइलवर फिरतो, आणि जाहीर भाव नि हातात पडणारा भाव यांतल्या फरकावर तासभर बोलणं होऊ शकतं. नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीच्या मालाचा, भाव वेगळा, पीलबागाचा वेगळा, वापसीचा, म्हणजे हलक्या प्रतीच्या मालाचा, आणखी खाली. कळलं नाही तर विचारा, लोक हौसेने समजावतात. वादळाचा विषय निघाला तर मात्र जपून. मे-जूनच्या एका वावटळीत उभी बाग तासाभरात झोपते, आणि कोणाची झोपली असेल ते तुम्हाला माहीत नसतं. ‘पण केळीत पैसा चांगला असेल ना?’ हा शहरी माणसाचा आवडता प्रश्न कृपा करून टाळा. पुण्यात कोणी तुम्हाला पगार विचारला तर कसं वाटेल तसंच ते.

आता भरीत. याला एक आख्खी संध्याकाळ राखून ठेवा, आणि शक्यतो हॉटेलात नको. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी नावाजलेली: मोठी, फिकट हिरवी, पांढऱ्या छटेची, बिया कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही २०१६ मध्ये मानांकन मिळालंय. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात वांगी भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही, हे इथे कोणीही तुम्हाला सांगेल, आणि पुण्याच्या भरिताची थोडी टिंगलही करेल. सालं काढून गर लाकडी बडगीत घालतात आणि हिरव्या मिरच्यांसोबत मुसळीने ठेचतात. मग तेलात लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी-उडीद मीठ घालून एकत्र दळलेलं पीठ. पंगत शेतातच, पानं अर्थात केळीची, कापून दोन मिनिटं झालेली. तिखट झेपत नसेल तर वाढतानाच सांगा. मागाहून पाणी पिऊन काही होत नाही. ताक मागा.

भरिताचं आमंत्रण मागून घ्यायचं नसतं, पण ओळख नीट निघाली असेल तर ते येतंच. आलं की ‘कशाला त्रास’ वगैरे एकदाच म्हणा. तीनदा म्हटलंत तर खरंच यायचं नाहीये असं समजतात. दुसऱ्या दिवशी कोणाकडे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी असेल तर तीही सोडू नका. जेवण झाल्यावर पैसे पुढे करू नका, फार वाईट वाटतं. येताना चितळ्यांची बाकरवडी, मुलांसाठी पुस्तकं, असं काही घेऊन या. ज्यांनी तुमच्यासाठी गाडी काढली त्यांना डिझेलचं मात्र स्पष्ट विचारा, आणि नाही म्हणाले तर त्यांच्या पोरांच्या हातावर खाऊला काही ठेवा. शेतमजुराच्या हातात कौतुकाने नोट कोंबायची नाही. मालकाची आणि त्याची दोघांचीही पंचाईत होते.

फैजपूरला अर्धा दिवस द्या, पण काय बघायचं ते माहीत असू द्या, नाहीतर बस स्टँड बघून परत याल. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष. तोवर अधिवेशनं शहरांत होत. खेड्यात भरलेलं हे पहिलं. गांधीजींचा आग्रह होता की अधिवेशन खेड्यातल्या माणसाला परवडेल, समजेल असं व्हावं. धनाजी नाना चौधरी आणि बाकी खानदेशी कार्यकर्त्यांनी ते अंगावर घेतलं, साने गुरुजी तयारीसाठी गावोगाव फिरले. नगराला टिळकनगर नाव दिलं. सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केली, तीही बांबू आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातून. अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. आणि ठराव कशाचे? शेतसारा आणि कुळाने जमीनमालकाला द्यायचा खंड कमी करण्याचे, शेतकऱ्यांच्या कर्जाचे. फैजपूरचा शेतीविषयक कार्यक्रम म्हणून इतिहासात तो नोंदला गेलाय. बांबूचं नगर टिकायला बांधलेलं नव्हतंच, त्यामुळे आज बघायला फारसं काही उभं नाही. धनाजी नानांच्या नावाचं महाविद्यालय मात्र आहे. चौदा वर्षांच्या मुलाला हे इतिहासाच्या पुस्तकातल्या एका ओळीपेक्षा जास्त भिडेल, विशेषतः आदल्या संध्याकाळी कृषी सेवा केंद्रात कर्जाच्या गप्पा ऐकलेल्या असतील तर.

एक दिवस सातपुड्यात. रावेर-सावद्याकडून पालला जायला रस्ता आहे. केळी संपते, जमीन चढू लागते, दगडगोटे दिसतात, आणि सागाचं रान सुरू होतं. वाटेत सुकी नदीवरचं गारबर्डी धरण. पाल थंड हवेचं ठिकाण म्हणून ओळखलं जातं, पण महाबळेश्वर डोक्यात ठेवून जाऊ नका. तडवी आणि पावरा आदिवासींची वस्ती, शेजारी १९६९ साली घोषित झालेलं यावल अभयारण्य. जंगलात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. पायथ्याच्या त्या दगडगोट्यांच्या पट्ट्याकडे मात्र नीट बघा, कारण खाली दिसणाऱ्या सगळ्या केळीचं पाणी तिथून जिरतं. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून येणारं पाणी या भरड थरातून खोल झिरपतं आणि मैदानातल्या विहिरींना मिळतं. केळीचा उपसा इतका वाढला की जिरण्यापेक्षा उपसा जास्त झाला, बोअर शेकडो फूट खाली गेल्या, आणि ठिबक आलं नसतं तर या पट्ट्यातली निम्मी केळी कधीच गेली असती असं माझं मत आहे. ठिबक विकणाऱ्यांच्या बाजूने बोलतोय म्हणाल तर म्हणा.

याच पाण्याची चार शतकांपूर्वीची करामत बघायची असेल तर रावेरहून बऱ्हाणपूर जवळ आहे, मध्य प्रदेशात. तिथला कुंडी भंडारा हा मोगलकाळातला जमिनीखालचा पाट. सातपुड्यातून झिरपणारं पाणी कुंड्यांच्या रांगेतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलेलं. बाकी शहरात मोठी मशीद, किल्ला, मुमताजमहलच्या मृत्यूची कहाणी हे सगळं आहे, पण तो पर्यटनाचाच मार्ग झाला. कुंडी बघा, दुपारी परत या.

मुक्ताईनगर-कोथळीला मुक्ताईचं दर्शन, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवचं जुनं दगडी मंदिर आणि हतनूर धरणावरचे हिवाळी पक्षी, हे तिन्ही एका सकाळी जमतं. पक्षी बघायचे असतील तर दुर्बीण पुण्याहूनच आणा.

भाषा कानावर पडेल ती ऐका. ही लेवा गणबोली, बहिणाबाई चौधरींची बोली. मुलांना पहिल्या दिवशी निम्मं कळणार नाही, तिसऱ्या दिवशी ती आपसांत तशी बोलू लागतील. लोकांसमोर नक्कल करायची नाही एवढं त्यांना सांगून ठेवा.

परत जाताना भुसावळ-सावदा-रावेर या रस्त्यांच्या कडेला केळीच्या वेफर्सची दुकानं लागतात. कच्चं केळं किसणीवर थेट कढईतल्या तेलात पाडतात, मिठाचं पाणी शिंपडतात, गरम पुडा हातात. पिशवीबंद घेऊ नका, समोर तळून घ्या.

आणि उपद्रवाचं. चार माणसं आली म्हणून गावाला त्रास होत नाही. त्रास होतो तो एकतर्फी येण्याचा. तुमचे फोटो ज्यांच्या मोबाइलवर जायला हवेत त्यांना आठवणीने पाठवा. आणि पुढच्या जूनमध्ये फोन येईल याची तयारी ठेवा: “ताई, पोराला पुण्यात ॲडमिशन भेटली, होस्टेल कुठलं बरं राहीन?” किंवा कोणाच्या आईला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं असेल, रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी नंबर लावायचा असेल. तेव्हा एक दिवस रजा टाका आणि सोबत जा. जेवायला घरी आणा. भरीत मात्र करू नका.